लॅपटॉपचं नंतर बघू, आधी कपाटातली पॉलिसी काढा

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलंय. पाच-सहा दुकानांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न त्या बघतात, त्यासाठी रोज लोकलने ठाणे-घाटकोपर करतात. जुना लॅपटॉप चार्जर धरून तीन किलोच्या घरात जातो, खांदा भरून येतो. १,१०,००० रुपयांचा, सव्वा किलोचा पातळ लॅपटॉप 'नो कॉस्ट ईएमआय'वर घेऊ का, असं त्या विचारतात. रोख का नको, ते पत्राच्या शेवटी आहे: '५ लाखांची एफडी संपली. बँकेतल्या सरांनी तशीच, पण जास्त व्याजाची करून दिली. दरवर्षी १ लाख, १२ वर्षं. २० वर्षांनी २२ लाख, मुलीच्या शिक्षणाला होतील. ती आता ९ वर्षांची आहे. उरलेले ४ लाख पुढच्या हप्त्यांना ठेवलेत. कागद १८ दिवसांपूर्वी आले, कपाटात आहेत.'

ताई, ही एफडी नाही. एफडीला दरवर्षी हप्ता नसतो. ही विमा पॉलिसी आहे आणि ती तुम्हाला एफडी सांगून विकली आहे. मला याचा राग येतो, कारण ठेव ठेवायला आलेल्या माणसाला असं वळवलेलं मी वारंवार बघतो.

आकडे बघा. १२ लाख भरून २० वर्षांनी २२ लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वाचार टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये भरलेत, तर सध्याच्या ७.१ टक्के दराने २० वर्षांनी ३३ लाखांच्या आसपास होतात. शिवाय पैसे हातात येतील तेव्हा मुलगी २९ वर्षांची असेल. कॉलेजची फी भरायची ती अठराव्या वर्षी.

सुदैवाने अजून वेळ आहे. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला 'फ्री लूक' म्हणतात. स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि झालेल्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. तुमच्याकडे १२ दिवस उरलेत. पण आधी ईमेल तपासा. पॉलिसीची पीडीएफ कागदांच्या आधी आली असेल, तर दिवस तिथून मोजले जातील. म्हणून अर्ज आजच करा. तो बँकेतल्या सरांकडे तोंडी नको, थेट विमा कंपनीला लेखी द्या, ईमेलही करा. 'एफडी सांगून विकली' हे स्पष्ट लिहा. सर म्हणतील, दोन वर्षं भरा, मग बघू. ऐकू नका. मुदत टळल्यावर पॉलिसी सोडलीत, तर भरलेल्या लाखातला मोठा हिस्सा जाईल. कंपनीने टाळाटाळ केली, तर 'बीमा भरोसा' या विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करा, त्यानंतर विमा लोकपाल आहेत.

आता लॅपटॉप. हलका घ्याच, रोज लोकलमध्ये खांद्यावर घेऊन चढणाऱ्याला किलो-दीड किलोचा फरक फार मोठा. पण पातळपणाची किंमतही मोजावी लागते. बऱ्याच पातळ मॉडेलांत रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, पुढे वाढवता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच १६ जीबी घ्या. काहींना फक्त टाइप-सी पोर्ट असतात. मग तुमचं डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावणार कुठे? दर वेळी अ‍ॅडॉप्टर शोधत बसाल, आणि रिटर्नच्या शेवटच्या दिवशी नेमका तो घरी राहील. विंडोजचाच घ्या, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर थेट त्यावरच चालतं. एक्सेल-टॅलीला १,१०,००० ची मशीन लागत नाही. १४ इंची, १.४ किलोपर्यंतचा, ७० हजारांच्या आसपासचा पुरेल.

आणि ईएमआय नको. 'नो कॉस्ट' म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो, वर रोखीची सूट जाते. हप्त्यांसाठी ठेवलेले ४ लाख आता मोकळे होतील, त्यातूनच रोख घ्या. फक्त दुकानात जाण्याआधी त्या अर्जाची पोच तुमच्या हातात हवी.