टोलचा वार्षिक पास केव्हा परवडतो?

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगी पुण्यात शिकते, त्यामुळे महिन्यातून दोनदा मोटारीने तिकडे जाणे होते, असे माझे म्हणणे. पत्नीच्या मते ते महिन्यातून एकदाही होत नाही. तीन हजारांचा फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी फास्टॅग खात्याचे गेल्या बारा महिन्यांचे विवरण काढावे. स्वारगेटची विनाथांबा एसटी पकडून केलेले प्रवास त्यात येणार नाहीत, आणि ते हिशेबात नकोतच.

१५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला हा पास खासगी मोटार, जीप आणि व्हॅन यांच्यापुरता असून एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी पुरे होईल तिथवर चालतो. ३,००० ला २०० ने भागून ‘फेरीला अवघे १५ रुपये’ असे सांगितले जाते, पण हा भाव दोनशेही फेऱ्या वापरणाऱ्यालाच पडतो. शिवाय इथे फेरी म्हणजे एक नाका एकदा ओलांडणे. पुण्याला जाऊन येताना आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे नाके दोन-दोनदा लागतात, म्हणजे एका खेपेत चार फेऱ्या खर्ची पडतात. दर आठवड्याला जाणाऱ्याचा पास पन्नासाव्या खेपेलाच संपेल.

बहुतेकांचे गणित चुकते ते परतीच्या सवलतीपाशी. चोवीस तासांत परतल्यास पास नसतानाही दोन्ही वेळांचा मिळून दीडपटच टोल लागतो. दोन्ही नाक्यांचा एकेरी टोल मिळून २०० रुपये धरला (हा आकडा केवळ सोयीचा, विवरणातला खरा घ्यावा), तर त्याच दिवशी परतणाऱ्याला खेपेस ३०० रुपये पडतात आणि दहाव्या खेपेला पासाची किंमत वसूल होते. मुक्काम करून चोवीस तासांनंतर परतल्यास ४०० पडतात, म्हणून आठव्या खेपेलाच पास फायद्यात येतो. पासाचे शुल्क बदलले असल्यास ३,००० च्या जागी नवा आकडा घालावा.

कोल्हापूरला जाताना लागणारा तासवडे नाकाही धरावा, मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग धरू नये, कारण हा पास राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. तो एकाच वाहनाला जोडलेला असल्याने मेहुण्यांच्या गाडीतून केलेली खेपही वगळावी लागेल. विवरण हाती येईपर्यंत पत्नीचाच आकडा खरा मानावा, असे आम्ही सुचवू.