गुरांची डॉक्टर आणि जगाचे प्रश्न

प्रश्न : मुलगी पशुवैद्यकीय पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोनदा 'नीट' परीक्षा देऊन ही सीट मिळाली. गेल्या उन्हाळ्यात तिने तरुणांसाठीचं एक ऑनलाइन शिबिर केलं, तेव्हापासून तोंडी सतत 'सिस्टिम्स थिंकिंग' आणि 'ग्लोबल चॅलेंजेस'. म्हणते, गुरांना इंजेक्शनं टोचत आयुष्य काढायचं नाही, मला जगाच्या प्रश्नांवर काम करायचंय. आता कॉलेज सोडून सहा महिन्यांचा लीडरशिप कोर्स करायचा हट्ट आहे. फी दीड लाख. मायलेकींचं बोलणं बंद आहे. काय करावं? – एक पालक, जि. परभणी

उत्तर : नमस्कार. दीड लाख भरू नका आणि पदवी सोडू देऊ नका. पण कारण सांगताना 'नोकरीची हमी' काढू नका, विसाव्या वर्षी त्या शब्दाने मुलं आणखी बिथरतात. शिवाय ते खरं कारण नाहीच. पुढचं तिलाच वाचायला द्या.

तर बाळ, तुला जे करायचंय ते उत्तम आहे. एका प्रश्नामागचे दहा धागे बघायचे, एक ओढला तर कुठला ताणतो हे ओळखायचं, एवढाच 'सिस्टिम्स थिंकिंग' या जड शब्दाचा अर्थ. पण अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत ज्यांनी या विचाराला शास्त्राचं रूप दिलं, ते जे फॉरेस्टर मुळात इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आधी कशात तरी मुरले, मग धागे दिसायला लागले.

गिधाडांचं ऐक. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश ऐंशीच्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरला गिधाडांची घरटी मोजत होते. नव्वदच्या दशकात पुन्हा मोजायला गेले, तर पक्षी माना टाकून बसलेले, झाडाखाली मेलेले. पुढच्या काही वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटली. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क बरेच झाले. पाकिस्तानच्या पंजाबात काम करणाऱ्या अमेरिकन पथकाने शवविच्छेदनं केली. मूत्रपिंडं निकामी, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर. विषाणू सापडेना, जड धातू सापडेनात. मग त्यांनी अगदी साधी गोष्ट केली. गिधाड खातं काय? मेलेली गुरं. मग त्या गुरांना शेवटच्या दिवसांत दिलं काय? पशुवैद्यांना आणि औषध दुकानदारांना विचारत फिरले. उत्तर निघालं डायक्लोफिनॅक, स्वस्तातलं, दुखण्यावर आणि सुजेवर सर्रास दिलं जाणारं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या 25 च्या 25 गिधाडांत ते सापडलं. 2004 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पथकाचे प्रमुख लिंडसे ओक्स कोण होते? पशुवैद्य!

2006 मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं, बदली मेलॉक्सिकॅम हे औषध सुचवलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. म्हणून 2015 मध्ये नियम आला की माणसांसाठीचं हे इंजेक्शन 3 मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत भरायचंच नाही. गाईच्या एका डोससाठी कोण पाच-सहा बाटल्या फोडत बसेल? मला या सगळ्यात हा बाटलीचा आकारच जास्त आवडतो. शेतकऱ्याला उपदेश नाही, पोस्टर नाही. आणि हे सुचायला गोठ्यात सुई कशी भरतात ते ठाऊक असावं लागतं. दरम्यान सडत पडलेल्या गुरांवर कुत्री वाढली, पाणी नासलं. 2024 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की गिधाडं गेल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली. गुरांना टोचलेल्या इंजेक्शनचा धागा इथवर येतो.

आता तुझ्या गावात ये. एखाद्याची म्हैस सातव्या महिन्यात गाभडते, म्हणजे दिवस भरायच्या आधीच गर्भ टाकते. घरची बाई उघड्या हातांनी वार (जार) ओढून उकिरड्यावर टाकते, कुत्री ती ओढत नेतात. पुढे धारोष्ण दूध चांगलं म्हणून नातवाला कच्चंच पाजलं जातं. महिन्याभराने त्या बाईला संध्याकाळी ताप चढतो, सांधे धरतात. तालुक्याचा डॉक्टर टायफॉइडच्या गोळ्या देतो. म्हैस पुन्हा गाभडली की मालक तिला गुपचूप आठवडी बाजारात विकतो, आणि या सगळ्यामागचा ब्रुसेलोसिस, जनावरातून माणसाला होणारा जंतूंचा आजार, दुसऱ्या गावात पोचतो. त्याला दोष तरी काय देणार, भरपाई कोण देतंय? लस आहे, मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयात द्यायची. मग अडतं कुठे? हे तुझं जागतिक आव्हान. आणि ते पाहण्याची जागा तुझ्याकडे आधीच आहे, कॉलेजचा दवाखाना.

रस्ते थोडक्यात सांगतो. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं पुरी कर. चौथ्या वर्षात कंटाळा येतो, सगळ्यांनाच येतो. पुढे पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य या विषयात एम.व्ही.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी; इज्जतनगरच्या आयव्हीआरआय या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेकडे नक्की बघ. सार्वजनिक आरोग्याच्या एम.पी.एच.ला अनेक संस्था पशुवैद्यांनाही घेतात. माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र बघणाऱ्या 'वन हेल्थ'साठी राष्ट्रीय संस्था नागपुरातच होते आहे, 2022 मध्ये तिची पायाभरणी झाली. एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होण्याला नाक मुरडू नकोस. दोन-तीन वर्षं तालुक्याला काढलेला माणूस मला परदेशी प्रमाणपत्रवाल्यापेक्षा केव्हाही जास्त भरवशाचा वाटतो. परदेशी शिकायचंच असेल तर त्यानंतर, शिष्यवृत्तीवर.

त्या कोर्सबद्दल एवढंच, की प्रश्नांच्या धाग्यांचे नकाशे-बाण काढायला शिकवणारं साहित्य इंटरनेटवर फुकट आहे. 'लीडर' हा शब्द फीच्या पावतीवर असला की मला उगाच शंका येते, हा माझा जुना दोष समज.

दिवाळीच्या सुट्टीत गावी आलीस की गाभडलेली जनावरं असलेली दहा घरं शोध. वार कुठे टाकली, दूध कोण पितं, जनावर कुठे गेलं, घरात ताप कुणाला, लस का नाही, एवढंच विचार आणि वहीत उतरव. हातमोजे घालायला विसरू नकोस. आईला सोबत ने. बायका तुझ्याशी बोलणार नाहीत एवढं तिच्याशी बोलतील. वहीचे फोटो मला पाठव, मग पुढचं बोलू.