ख्रिस्ती श्रद्धेत संकटांतून आध्यात्मिक वाढ खरोखरच होते का?

वडिलांच्या आजारपणात दुकान बंद पडले, मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक ‘देव तुमची परीक्षा पाहतो आहे, यातून तुमची वाढ होईल’ असे सांगतात, पण आपल्याकडून साधी प्रार्थनाही होत नाही, मग ही वाढ आहे तरी कुठे, असे आपण विचारले आहे. मी बेळगावच्या एका मंडळीचा सभासद आहे, पाळक (धर्मगुरू) नव्हे; तेव्हा उपासनेला नेमाने जाणाऱ्या एका माणसाचे मत म्हणून हे वाचावे.

संकट माणसाला आपोआप वाढवीत नाही. संकटाने माणसे खचतात, कडवट होतात, देवाचे नाव टाकतात, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम आहे, आणि सांत्वनासाठी आलेली माणसे तो हटकून वाचतात. मात्र त्याच्या आधीची वचने बहुधा राहून जातात. विश्वासाने नीतिमान ठरल्यामुळे देवाबरोबरची शांती आपल्याला आधीच मिळाली आहे, असे पौल तिथे म्हणतो. म्हणजे दुःख सोसून देवाची मर्जी संपादन करायची नसते. ती लाभलेली असते म्हणूनच दुःखात तग धरता येतो.

आपल्याला उपदेश करणाऱ्यांनी बायबलमधले ईयोबाचे, म्हणजे संकटांनी सर्वस्व गमावलेल्या एका नीतिमान माणसाचे, पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर सारे ठीक होते. बिघडले ते त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केल्यावर, आणि शेवटी देवाचा राग झाला तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, या प्रश्नाला येशूनेही ‘नाही’ असेच उत्तर दिले.

प्रार्थना होत नाही, याविषयी मला विशेष सांगायचे आहे. स्तोत्रसंहितेचा, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या संग्रहाचा, मोठा भाग विलापाचा आहे. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘किती वेळ?’ या प्रश्नाने होते, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला आशेचे शेपूट कोणी जोडलेले नाही. ज्याला स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्याने ही स्तोत्रे मोठ्याने वाचावीत. देवापाशी भांडणारा माणूस देवापासून तुटलेला नसतो, आणि माझ्या मते वाढ म्हणतात ती बऱ्याचदा इथेच सुरू होते.

ती दिसते कशी, याचे एक जवळचे उदाहरण देतो. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात निपाणी-चिकोडी भागातल्या माझ्या मामांच्या घरात छातीइतके पाणी होते. ते ओसरल्यावर पोत्यांतल्या जोंधळ्याला कोंब फुटून आंबूस वास सुटला होता आणि भिंतींचे पोपडे हात लावताच गळून पडत होते. मामा कित्येक महिने उपासनेला फिरकले नाहीत. मंडळीतल्या बायका, काही मराठी बोलणाऱ्या, काही कानडी, खराटे आणि घमेली घेऊन आल्या आणि त्यांनी चिखल उपसला; वचने ऐकवायच्या भानगडीत कोणी पडले नाही. मामा परत आले तेव्हा साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले हे सर्वांपुढे सांगायला, उभे राहिले नाहीत. प्रार्थनेच्या विनंत्या सांगताना त्यांनी शेजारच्या लिंगायत कुटुंबाच्या वाहून गेलेल्या म्हशीचा आणि रखडलेल्या भरपाईचा विषय काढला. पूर्वी त्यांच्या विनंत्या स्वतःच्या उसाच्या बिलापलीकडे जात नसत.

पंडिता रमाबाईंचे आयुष्यही मला याच कारणासाठी आठवते. कर्नाटकातल्या सह्याद्रीत, गंगामूळ येथे 1858 मध्ये त्यांचा जन्म झाला. दुष्काळाने आईवडील नेले, पुढे भाऊ आणि 1882 मध्ये पतीही गेले. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्याने दुःखे थांबली नाहीत: 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली. मात्र मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आश्रयासाठी घेऊन आल्या, कारण भूक काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. जे टाळता येते ते दुःख ‘क्रूस’ म्हणून वाहू नये. ज्याला तो ‘शरीरातला काटा’ म्हणतो ती पीडा जावी म्हणून पौलाने देवाला तीनदा विनंती केली आणि ती गेली नाही, तेव्हा त्याने देवाच्या कृपेवर भागवले. पण खटल्यात अन्याय होतो आहे असे दिसताच त्याच पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. म्हणून वडिलांचे औषधपाणी, दुकानाच्या कर्जाची मुदत वाढवून घेण्यासाठी बँकेचे हेलपाटे आणि गरज वाटल्यास स्वतःसाठी समुपदेशकाची मदत यांत श्रद्धेची कमतरता मुळीच नाही. मंडळीत ज्यांच्यापुढे आपल्याला रडता येईल अशी एक-दोन माणसे निवडा, आणि बाकीच्यांना सांगा की तूर्त सल्ला नको, आठवड्यातून एक रात्र वडिलांच्या उशाशी बसायला कोणीतरी या.