गडद टी-शर्टला वेगळा कागद का लागतो

टी-शर्टवर घरीच इस्त्रीने चित्र उतरवायचं असेल तर घाई करू नका, आधी हातातला कागद ओळखा. इंकजेटच्या, म्हणजे शाई फवारून छापणाऱ्या प्रिंटरच्या, ट्रान्सफर पेपरला (चित्र कपड्यावर उतरवणाऱ्या कागदाला) थर असतात: खाली आधाराचा कागद, त्यावर तापाने वितळणारा प्लास्टिकसारखा थर, सगळ्यात वर शाई धरणारा लेप. इस्त्रीने मधला थर वितळून सुतात शिरतो आणि चित्राला सोबत नेतो.

घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते; चित्रातला पांढरा म्हणजे कोरा कागद. फिक्या कपड्याला ते चालतं: चित्र आरशातल्यासारखं उलटं छापा, कागद पालथा ठेवा. गडद कपड्याच्या कागदात मात्र अपारदर्शक पांढरा थर असतो. तिथे चित्र सुलटंच छापा, मागचा कागद आधी सोला आणि वर बेकिंग पेपर ठेवूनच इस्त्री फिरवा. मी तो एकदा विसरलो. अख्खा रविवार इस्त्रीचा तळ खरवडण्यात गेला.

वाफ बंद ठेवा. खाली गादी-चादर नको, लाकडी पाट घ्या. चित्राभोवतीचा कोरा भाग कापा, नाहीतर त्याची चौकट कपड्यावर उमटते. फिक्या कपड्यावरचा कागद इस्त्रीनंतर गरम असताना सोलायचा की गार झाल्यावर, ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

आणि हा कागद ऑफिसच्या लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. आतल्या तापलेल्या रोलरला चिकटून बसेल.