आधी ओळंबा, मग दरवाजा

प्रश्न : पावसाची झड थेट मुख्य दरवाजावर येत असल्याने त्याच्या बाहेरून काचेचा दुसरा दरवाजा, म्हणजे स्टॉर्म डोअर, मी स्वतः बसवला. तो कडीच्या बाजूला वर घासतो, त्याच बाजूला खाली बोटभर फट राहते आणि सोडला की धाडकन आपटतो. दरवाजाच सदोष असेल का?

उत्तर : दरवाजा सदोष असेल असे मला वाटत नाही. वर घासणे आणि खाली फट पडणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, की बिजागरीची बाजू ओळंब्यात (म्हणजे अगदी सरळ उभी) नाही, वरून कडीकडे झुकली आहे, असे बहुधा समजावे. या दरवाजासोबत येणारी बिजागरीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पातळ असते. ती जुन्या लाकडी चौकटीवर आवळली, की लाकडाचा सगळा बाक मुकाट्याने स्वतःत घेते.

बिजागरीच्या पट्टीचा सर्वांत वरचा स्क्रू तेवढा ठेवून बाकीचे सैल करावेत, पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये खालच्या टोकाला पातळ पाचर सरकवावी आणि दरवाजा हळूच लावून कडीच्या बाजूची फट पाहावी. ती वरपासून खालपर्यंत साधारण ३ मिलिमीटर, एकसारखी दिसू लागली, की वरून खाली एकेक स्क्रू आवळत यावे, मात्र प्रत्येक स्क्रूनंतर दरवाजा एकदा उघडून लावून पाहावा. (चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून सर्वांत लहान मापाचा दरवाजा आणायचा असतो; तेथेच चूक झाली असेल तर पाचरीने भागणार नाही.)

उंबरठ्यालगतची फट दरवाजाच्या तळाची रबरी पट्टी खाली सरकवून बुजवावी. तेथे सिलिकॉन भरण्याचा मोह अनेकांना होतो, पण आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्याची ती एकच वाट असते.

आपटणे हा क्लोजरचा, म्हणजे दरवाजा आपोआप लावणाऱ्या नळकांड्याचा, प्रश्न आहे. नळकांड्याच्या टोकाचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवून वेग कमी करावा. वाऱ्याने दरवाजा उलटा फेकला जाऊ नये म्हणून वरची साखळीही लावावी. ती बहुतेकांच्या खोक्यातच राहून जाते.

दरवाजावर तासन्‌तास थेट ऊन येत असेल, तर दोन दरवाजांमध्ये उष्णता कोंडून मुख्य दरवाजाचा रंग पोपडतो आणि प्लास्टिकच्या पट्ट्या वाकतात. अशा दिवसांत काच काढून जाळी लावावी.