जोखीम कोणाच्या डोक्यावर?

फोंडा, गोवा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

कथेच्या अनुवादासाठी केलेली तुझी यादी सावकाश वाचली. विश्वासाविषयीचे इंग्रजी वाक्प्रचार एका बाजूला, समोर तुझे मराठी. मेहनत दिसते. पण तुझी एक सवय आत्ताच मोडायला हवी. इंग्रजीत जी वस्तू दिसते तीच तू मराठीत शोधतेस. मीठ दिसलं की मीठ, साप दिसला की साप. त्याआधी हे बघ, की विश्वास टाकणाऱ्याने पणाला काय लावलंय आणि फसगत झाली तर बोल कोणाला लागणार. एवढं जुळलं की वस्तू कोणती का असेना.

मिठाचंच घे. ‘टेक इट विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट’ याच्यापुढे तू ‘मीठ लावून ऐकणे’ लिहिलंस. अगं, आपल्याकडे तिखटमीठ लावतो तो सांगणारा, ऐकणारा नव्हे! प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात विषावरच्या उताऱ्याची कृती लिहून ठेवली, तिच्यात चिमूटभर मीठ घालायला सांगितलंय. या वाक्प्रचाराचं मूळ बहुतेक जण तिथे नेतात. मराठी वाचकाला त्यातलं काहीच ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. त्याच्यासाठी ‘हातचं राखून विश्वास ठेव’ असं लिही. ऐकणाऱ्याची सावधगिरी त्यात पुरेपूर आली, आणि सांगणाऱ्याला कोणी खोटारडा म्हटलं नाही. इंग्रजीतही नेमकं तेवढंच म्हटलेलं असतं.

आपलं मीठ उभं राहतं ते निष्ठेच्या बाजूला. खाल्ल्या मिठाला जागणं ही साधी गोष्ट नाही. रशियन लोकही मीठ याच बाजूला ठेवतात. माणूस ओळखायचा तर त्याच्यासोबत पूदभर मीठ खाल्लेलं हवं, असं ते म्हणतात. पूद हे त्यांचं जुनं वजन, सोळा किलोंहून थोडं जास्त. दोघांनी रोज दहा-दहा ग्रॅम खाल्लं तरी ते संपायला सव्वादोन वर्षं लागतील. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, तुझी आई मीठ भरून ठेवते ना, त्याच्याशी ताडून बघ, म्हणजे अंदाज येईल. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनेही मैत्रीविषयी लिहिताना हेच सांगितलंय, की म्हणीतलं ते मीठ एकत्र खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि तेव्हासुद्धा ती म्हण जुनीच होती. मला हे फार मोलाचं वाटतं. विश्वासाला मुदत लागते, हे इतक्या दूरदूरच्या लोकांना मिठावरूनच सुचलं.

आता डुक्कर. न बघता घेतलेल्या मालाला इंग्रज ‘पिग इन अ पोक’ म्हणतात, म्हणजे पिशवीतलं डुक्कर. जर्मन आणि फ्रेंच पिशवीत मांजर घालतात. तू इथे ‘टोपी घालणे’ लिहिलंस, तिथे चुकलीस. टोपी घालणारा लबाड असतो, पण ‘पिग इन अ पोक’मध्ये ठपका येतो गिऱ्हाइकावर, कारण पिशवी उघडून बघायची अक्कल त्याला नव्हती. आपल्याकडे याला चपखल म्हण आहे, ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’. तुझी टोपी मात्र फुकट जाणार नाही. पोर्तुगीजमध्ये ‘ससा म्हणून मांजर विकणे’ असा वाक्प्रचार आहे आणि त्यात लबाडी विकणाऱ्याचीच. टोपी तिथे घाल. मांजर दोन्हीकडे आहे म्हणून अर्थ एकच, असं समजू नकोस.

पोर्तुगीजांचा आणखी एक तुझ्या कामी येईल. एखाद्याबद्दल पक्की खात्री असली की ते त्याच्यासाठी ‘हात आगीत घालतात’. जर्मन, फ्रेंच, इटालियनमध्येही हेच आहे. तुला साहजिकच आपलं ‘दिव्य’ आठवलं. मराठेशाहीत वाद मिटवायला रवादिव्य करत, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. पण ते दिव्य माणूस स्वतःचा खरेपणा पटवायला करायचा. इथे हात माझा आणि शब्द दुसऱ्याचा. म्हणून ‘त्याला मी जामीन राहतो’ हेच बरोबर. जामीन राहणाऱ्याच्या पोटात येणारा गोळा आपल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

‘ट्रस्ट, बट व्हेरिफाय’ मुळात रशियन म्हण आहे, तिकडे ती यमकात आहे. 8 डिसेंबर 1987 रोजी वॉशिंग्टनमध्ये अण्वस्त्र करारावर सह्या होताना अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी ती पुन्हा ऐकवली, तेव्हा सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह म्हणाले, तुम्ही हे प्रत्येक भेटीत म्हणता. तू तिच्यापुढे समर्थांचं ‘जो दुसऱ्यावरी विश्वासला, त्याचा कार्यभाग बुडाला’ ठेवलंस. ते काढ. समर्थ आळस झाडायला सांगताहेत, दुसऱ्यावर संशय घ्यायला नव्हे. इथे साधं ‘विश्वास ठेव, पण खात्री करून घे’ पुरे.

‘अस्तनीतला निखारा’ उत्तम बसलाय, त्याला हात लावू नकोस.

तू विचारलंस, यादीत दगाबाजीच इतकी का? सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, फाटकाला टांगलेल्या पिशवीत पाव टाकतो. घरातलं कोणी उठलेलंही नसतं. कॅलेंडरवर खूण होते आणि महिनाअखेरीला हिशेब. या विश्वासावर कोणी म्हण केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तो मोडत नाही, म्हणून त्याबद्दल बोलायची वेळच येत नाही. तुझ्या कथेतला शेजारी चाव्या देऊन गावाला जातो, तिथे म्हण शोधत बसू नकोस. ‘चाव्या तिच्या हातात दिल्या आणि निघाला’ एवढंच लिही.

‘बेनिफिट ऑफ द डाउट’चं तू ‘संशयाचा फायदा’ केलंस. बातमीतल्या आरोपीला ते ठीक आहे. पण सतराव्या पानावर आई मुलीविषयी बोलतेय. ती म्हणेल, ‘एकदा तिचं खरं मानून तर बघा’.

पणजीला गेलीस की पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आसगावच्या मोन्सिन्योर दाल्गादो या ख्रिस्ती धर्मगुरूंचा कोंकणी म्हणींचा संग्रह मिळतो का विचार. 1922 साली पोर्तुगालमधल्या कुइंब्राला छापलेला. त्यांनी आपल्या म्हणी आशिया-युरोपातल्या म्हणींशी ताडून दाखवल्या आहेत. पोर्तुगीज अडली तर पानांचे फोटो काढून मला पाठव.

दुरुस्त यादी चतुर्थीच्या आधी दे, सणात मला वेळ होणार नाही. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका