वाचक विचारतात: पिकअपच्या इंजिनावर हवेचा कॉम्प्रेसर

प्रश्न: डिझेल पिकअपवर फिरतं पंक्चरचं काम करतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या फडातच पंक्चर होऊन बसतात. वेगळ्या इंजिनाचा कॉम्प्रेसर हौद्यातली निम्मी जागा खातो. गाडीच्याच इंजिनावर एसीचा जुना कॉम्प्रेसर बसवून हवा मारता येईल का? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर: येईल. बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो तेलाचा आणि उष्णतेचा. एसीत गॅसबरोबर तेलही फिरून परत येते. हवेच्या कामात ते टाकीत जाऊन बसते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. तेलाची स्वतंत्र चेंबर असलेला पिस्टनवाला मिळाला तर डोळे झाकून घ्या, पण मोडीत तो क्वचितच दिसतो. नेहमीच्या पद्धतीचा असेल तर जुने तेल काढा (ते पाणी शोषते), कॉम्प्रेसर ऑइल भरा, आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर फिल्टर आणि त्यापुढे थेंब-थेंब तेल सोडणारा लुब्रिकेटर बसवा. चिकोडी-अथणीकडची काळी धूळ फिल्टर लवकर चोंदवते. हंगामात तो रोज झटका.

ब्रॅकेट 8-10 मिमी पट्टीचे, आणि बोल्ट इंजिनालाच. चेसिसवर टेकवू नका. इंजिन रबरावर हलते, चेसिस हलत नाही, मग बेल्ट उडतो. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडून पुली एका रेषेत करून घ्या. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण 10 मिमी दबावा. वॉटर पंपाच्या बेल्टवर हा भार टाकू नका: कॉम्प्रेसर जाम झाला की तो बेल्ट तुटेल, पाणी फिरायचे थांबेल आणि इंजिन तापून हेड जाईल.

120 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचे माप) दाबलेली हवा साध्या रबरी पाइपला टिकू देत नाही, इतकी तापते. म्हणून आधी मीटर-दीड मीटर तांब्याच्या नळीचे वेटोळे, मग हवा उलटी येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, तेल-पाणी वेगळे करणारा सेपरेटर आणि शेवटी टाकी. कॉम्प्रेसरच्या पुलीतला विजेवरचा क्लच प्रेशर स्विचवर चालवा: 90 ला सुरू, 120 ला बंद. क्लचला 12 व्होल्टवर साधारण 4 अँपिअर लागतात. रिले घाला आणि 10 अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच ठेवा. 150 पीएसआयचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेट टाकीवर हवा, मध्ये कॉक अजिबात नको.

प्रश्न: टाकी म्हणून गॅसचा जुना सिलिंडर चालेल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: नाही. ट्रकच्या एअरब्रेकची टाकी घ्या, आतला गंज टॉर्चने पाहा आणि पाणी भरून 180 पीएसआयवर तपासून घ्या. हवेने तपासू नका. फुटली तर पाण्याची टाकी गळते, हवेची उडते. तिला वेल्डिंग करू नका, पट्ट्यांनी आवळा. खाली ड्रेन कॉक हवाच. खानापूर-कणकुंबीच्या पावसात तर दिवसातून दोनदा पाणी सोडावे लागेल.

प्रश्न: हवेवर नट सोडवणारी मोठी इम्पॅक्ट गन चालेल का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर: अर्ध्या इंचाची थांबत-थांबत चालेल, ट्रकच्या नटांची एक इंची नाही. हिशेब असा: 138 सीसीचा कॉम्प्रेसर मिनिटाला 1800 फेऱ्यांवर कागदावर मिनिटाला सुमारे 250 लिटर हवा ओढतो, दाब चढला की प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. 50 लिटरची टाकी 120 वरून 90 वर येताना जेमतेम 100 लिटर हवा देते. टायर भरायला तेवढे पुरते. एक इंची गन मात्र काही सेकंदांत ते संपवते, मग कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही, नळी हात लावता येणार नाही इतकी तापते आणि तेल जळून व्हॉल्व्हच्या पत्त्यांवर कार्बन बसतो. नट पान्याने आणि लांब पाइपानेच सोडवा.

बदल केल्यावर विमा कंपनीला कळवा आणि आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये वाहनात फेरफार करण्यावर बंधने आहेत.